उठताना अंधारी, संध्याकाळी सुजलेले घोटे आणि हृदयाविना फिरणारा समुद्र

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६७ वर्षांचे. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, अशा दोन गोळ्या चालू आहेत. एप्रिल लागल्यापासून सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. संध्याकाळपर्यंत दोन्ही घोट्यांवर सूज चढते, मोज्यांचे वळ उमटतात. शेजाऱ्यांचं म्हणणं, सर्क्युलेशन कमी झालंय, पायांचं मसाज मशीन आणा. ते आणावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी अकरावीतल्या मुलीचा प्रश्नही जोडलाय: समुद्राला हृदय नाही तरी पाणी पृथ्वीभर फिरतं, मग आजोबांचं रक्त हृदय असूनही पायांत का अडतं?

मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि आता नागपुरातच दवाखाना चालवतो. उन्हाळा तापला की अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांची संख्या वाढते, हे दरवर्षी दिसतं. मुलीचा प्रश्न सोडून फक्त वडिलांबद्दल लिहिता आलं असतं. पण तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय. ती जे विचारतेय ते नीट समजलं तर वडिलांचं काय होतंय तेही समजतं, म्हणून दोन्ही एकत्रच घेतो.

त्याआधी एक मर्यादा सांगायला हवी. मी वडिलांना तपासलेलं नाही. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, ईसीजी काही पाहिलेलं नाही. खाली जे लिहितोय ते तुम्ही दिलेल्या माहितीवरून सगळ्यात संभवणाऱ्या कारणाबद्दल आहे. चित्र वेगळं असेल तर उत्तरही वेगळं. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत किंवा गरम लागत असेल, तर नीलेत, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिनीत, गुठळी झाली नाही ना हे त्याच दिवशी पाहायला हवं. दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसेल, जिना चढताना दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी आधी. सकाळी उठल्यावर चेहरा किंवा पापण्या सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंड. अंधारी येऊन ते खरंच पडले असतील, छातीत धडधड झाली असेल किंवा बोलणं अडखळलं असेल, तर हे उत्तर वाचत बसू नका, सरळ दवाखान्यात घेऊन जा.

यातलं काही नाही असं धरून पुढे जातो.

शेजाऱ्यांच्या निदानात अडचण अशी की सबंध शरीराचं रक्ताभिसरण कमी किंवा जास्त, असा एकच आकडा डॉक्टरला उपयोगी पडत नाही. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही जवळपास तेवढंच असतं, म्हणजे सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येतं. तुमच्या वडिलांचंही बहुधा तसंच चालू असेल. अडचण वाटपाची आहे. उठल्यावर काही सेकंद डोक्याला कमी मिळतं आणि दिवसभरात पायांत पाणी जास्त साठतं. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मला त्या एकाच साखळीच्या दोन कड्या दिसतात. ती साखळी पुढे उलगडतो.

कुठलाही द्रव वाहतो तो दाबातल्या फरकामुळे. एका टोकाला दाब जास्त, दुसऱ्याला कमी, की मधला द्रव निघाला. किती वाहील हे वाटेतल्या अडथळ्यावर ठरतं. अरुंद नळीतल्या अडथळ्याचा नियम प्वासेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या दशकात मांडला. रक्त वाहतं कसं हेच त्याला समजून घ्यायचं होतं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, चौपटही नाही, १६ पट होतो. उलट त्रिज्या जेमतेम १९ टक्क्यांनी वाढली तरी प्रवाह दुप्पट. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो; मुलीला कॅल्क्युलेटरवर १.१९ चा चौथा घात करून पाहायला सांगा. शरीर याच नियमावर चालतं. रोहिण्या म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या; त्यांच्या शेवटच्या बारीक फांद्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते जरासे आवळले किंवा सैल सोडले की त्या भागाचा पुरवठा झपाट्याने बदलतो. जेवलात की आतड्यांकडे, चाललात की मांड्या-पोटऱ्यांकडे, ऊन लागलं की कातडीकडे. हृदय जोर पुरवतं, पण कुणाला किती हे या बारीक फांद्या ठरवतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. हृदय स्वतःहून रक्त ओढून आणत नाही. जेवढं परत येतं तेवढंच ते पुढे ढकलतं. जास्त आलं तर जास्त ताणलं जातं आणि जास्त जोराने आकुंचन पावतं, कमी आलं तर कमी. त्यामुळे परतीची वाट, म्हणजे नीला, पुढच्या वाटेइतकीच महत्त्वाची. शरीरातलं ६० ते ६५ टक्के रक्त कोणत्याही क्षणी नीलांमध्ये असतं. त्यांच्या भिंती पातळ आणि ताणल्या जाणाऱ्या. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा ते पाऊण लिटर रक्त कमरेखालच्या नीलांत उतरतं.

इथे तुमच्या मुलीचा प्रश्न येतो.

समुद्राला हृदय नाही हे तिचं बरोबर. पण समुद्राला जोर मिळत नाही असं नाही. तो एका जागी न मिळता सबंध पृष्ठभागावर मिळतो. वरच्या थरातले प्रवाह मुख्यतः वाऱ्याने चालतात. वारा पाण्याला घासत राहतो, पाणी सरकतं, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आर्क्टिकच्या बर्फात जहाज अडकवून वाहत गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतोय. त्याचं गणित एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलं. नंतर खंडांचे किनारे या प्रवाहांना अडवून वळवतात. अंटार्क्टिकाभोवती मात्र जमीन आडवी येत नाही, म्हणून तिथला प्रवाह पृथ्वीला पूर्ण वळसा घालतो.

खोल समुद्राचं इंजिन वेगळं. तिथे घनता महत्त्वाची आणि घनता दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती थंड आणि किती खारट. ग्रीनलंड-लॅब्राडोरच्या आसपास आणि अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात पाणी गारठतं. बर्फ गोठताना मीठ बर्फात न जाता बाहेर राहतं, त्यामुळे उरलेलं पाणी आणखी खारट होतं, जड होतं आणि बुडतं. ते तळाने सरकत दूरदूरच्या महासागरांत पोहोचतं. वारा आणि भरती-ओहोटी पाणी घुसळत राहतात, त्यामुळे ते हळूहळू पुन्हा वर येतं. अटलांटिकमधल्या या उलथापालथीत २६ अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ दर सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे जातं आणि तितकंच खालून परत येतं. तरीही सगळ्या महासागरांची एक फेरी पुरी व्हायला हजार वर्षांच्या आसपास लागतात. आजोबांची एक फेरी मिनिटात होते.

आता खरा फरक पाहा, मुलीने वहीत लिहून ठेवावा असा. खोल समुद्रात गुरुत्वाकर्षण हे चालकच आहे. जड पाणी खाली ओढलं जातं म्हणून तर अभिसरण सुरू राहतं. शरीरात रक्ताची घनता सगळीकडे जवळजवळ सारखी, त्यामुळे गुरुत्वाकर्षण रक्त फिरवत नाही. ते फक्त खालच्या मऊ नीलांवर भार टाकतं. हृदय ते घोटा हे अंतर उभ्या माणसात साधारण १२० सेंटीमीटर. तेवढ्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचा दाब सुमारे ९० मिमी पारा (बीपी मोजायचं तेच एकक) होतो. म्हणजे स्तब्ध उभं असताना घोट्याजवळच्या नीलेत ९० च्या आसपास दाब असतो, आणि तो हृदयामुळे आलेला नसतो, उंचीमुळे आलेला असतो. डोक्याचं उलट. मेंदू हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर वर, त्यामुळे दंडावर मोजलेल्या बीपीपेक्षा मेंदूशी पोहोचणारा दाब २० ते २५ ने कमी. आडवं झालं की दोन्ही फरक मिटतात. म्हणूनच वडिलांना पलंगावर काही होत नाही, उठताना होतं.

समुद्राकडे अजून थोडा थांबतो, कारण आपण नागपूरकर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलो तरी या गोष्टीत आपला वाटा आहे. आपल्या शहरातून वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आपल्या अंबाझरी तलावावर पडलेला पाऊस शेवटी तिथे पोहोचतो. गोदावरी, महानदी, गंगा-ब्रह्मपुत्रा यांचं गोडं पाणी आणि वरून पडणारा पाऊस यांमुळे उपसागराच्या उत्तर भागात वरचा थर हलका राहतो. समुद्राचा सरासरी खारेपणा हजारात ३५, अरबी समुद्रात वरच्या पाण्याचा ३६ च्या आसपास, पण उत्तर बंगालच्या उपसागरात तो ३३ च्याही खाली जातो. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, नद्यांचं पाणी कमी, म्हणून तो खारट. हलका थर जड पाण्यावर झाकणासारखा बसला की वारा त्याला खालच्या थंड पाण्यात सहजासहजी मिसळू शकत नाही. वरचं पाणी तापलेलं राहतं. त्या उबेवर उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं पोसली जातात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात जो धो-धो पाऊस पडतो तो बराचसा तीच क्षेत्रं घेऊन येतात. मिठाच्या थोड्याशा फरकाने एवढं घडतं. हिंदी महासागराच्या उत्तर भागात तर वाऱ्याबरोबर प्रवाहाची दिशाच उलटते. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात ईशान्येकडे जोराने वाहतो आणि हिवाळ्यात नैऋत्येकडे.

या दोन अभिसरणांची सांगड घालणारा मी पहिला नाही. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध केलं. त्याची युक्ती साधी होती: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं तेवढं अंगात नसतंच, मग तेच रक्त परत येत असलं पाहिजे. हे समजावताना त्याने उदाहरण दिलं ते उन्हाने तापलेल्या ओल्या जमिनीचं, वर जाणाऱ्या वाफेचं आणि पाऊस होऊन परत येणाऱ्या पाण्याचं. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा.

उष्णता आणि मीठ. समुद्रात घनता ठरवणाऱ्या याच दोन गोष्टी मे महिन्यात तुमच्या वडिलांच्या अंगावरही काम करतात, पण वेगळ्या वाटेने.

पारा ४५ च्या वर गेला की हवा शरीरापेक्षा गरम. अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. शरीर कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतं. निरोगी तरुणात कडक उष्णतेत एकट्या कातडीकडे मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त जाऊ शकतं. विश्रांतीत हृदय सगळ्या शरीराला मिळून देतं त्यापेक्षा हे जास्त. ६७ व्या वर्षी हृदय तेवढं वाढवून देत नाही, म्हणून कातडीला दिलं की दुसरीकडे तुटवडा. वर घाम. आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम कूलरच्या ओल्या ताटीसारखा लगेच उडून जातो आणि माणसाला वाटतं, मला घामच येत नाही. दवाखान्यात मी अशा वेळी गडद रंगाच्या शर्टाची पाठ किंवा टोपीची कड पाहतो. तिथे पांढऱ्या मिठाची नागमोडी रेघ उमटलेली असते. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर हेच घडतं, फक्त तिथे मीठ समुद्रातच राहून पाणी जड करतं. माणसाच्या बाबतीत ते अंगाबाहेर जातं, त्यामुळे पाणी आणि मीठ दोन्ही घटतात आणि नळ्यांमधलं एकूण रक्तच कमी होतं.

आता सकाळची अंधारी. निरोगी माणूस उभा राहतो तेव्हा मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतीत बसवलेल्या दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंना क्षणात कळतं की दाब पडतोय. नाडी वाढते, पायांच्या वाहिन्या आवळतात, काम भागतं. वयाप्रमाणे ही यंत्रणा मंदावते. वडिलांच्या बाबतीत दोन गोळ्या त्याच यंत्रणेच्या आड येतात. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करते तशी काही प्रमाणात रक्तवाहिन्यांचं आवळणंही रोखते. अ‍ॅम्लोडिपिन रोहिण्यांच्या बारीक फांद्या रुंद करते, तिचं कामच ते. हिवाळ्यात हेच औषध, हीच मात्रा छान चालली असेल. उन्हाळ्यात कातडीच्या वाहिन्या आधीच उघड्या, अंगात पाणी कमी, आणि त्यावर या दोन गोळ्या. औषध चुकीचं नाही, ऋतू बदललाय.

घोट्याच्या सुजेतही अ‍ॅम्लोडिपिनचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. ती येणारी वाट रुंद करते, पण जाणारी, म्हणजे नीला, तेवढी करत नाही. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर ऊतकांत झिरपतं. मात्रा जास्त तशी सूज जास्त, उन्हाळ्यात आणखी जास्त, संध्याकाळी सगळ्यात जास्त. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबून उचला. खड्डा राहिला आणि हळूहळू भरला, तर ते साठलेलं पाणी आहे. अशा सुजेवर लघवी वाढवणारी गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही, उलट अंगातलं पाणी आणखी घटून अंधारी वाढते. मेडिकल स्टोअरमधून ती गोळी परस्पर आणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. माझ्या पाहण्यात ज्येष्ठांच्या पडण्यामागे हे कारण पुन्हा पुन्हा आलंय.

आणि आता ती साखळी. वडिलांना विचारा, रात्री लघवीला कितीदा उठता? बहुतेक जण दोनदा-तीनदा सांगतात आणि दोष प्रोस्टेटला देतात. प्रोस्टेट असेलही. पण दिवसभर पायांत साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं, आणि ते बाहेर टाकतात. सकाळपर्यंत सूज उतरलेली असते आणि रक्ताचा साठाही कमी झालेला असतो. आठ तास पाणी प्यायलेलं नसतं. रात्री घेतलेल्या टॅम्सुलोसिनचा असर चालू असतो. अशा वेळी ते पलंगावरून एकदम उठतात. संध्याकाळच्या सुजेचं पाणीच अशा रीतीने सकाळच्या अंधारीला हातभार लावतं. यात हृदय कमजोर असण्याची गरज नाही, रक्तवाहिन्या तुंबलेल्या असण्याचीही नाही.

रक्ताच्या घट्टपणाबद्दलही लोक विचारतात. रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट चिकट असतं आणि अंगातलं पाणी घटलं की थोडं आणखी घट्ट होतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा घटक लहान आहे. मात्र विदर्भात एका कारणाने तो फार मोठा ठरतो, ते म्हणजे सिकलसेल. नागपुरातल्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच या भागातल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. या आजारात प्राणवायू कमी पडला किंवा अंगातलं पाणी घटलं की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. तिथे खरोखर रक्त अडतं आणि असह्य वेदना होतात. कुटुंबात कुणाला सिकलसेल असेल, तर घरातल्या मुलांची तपासणी करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाण्याकडे कडक लक्ष द्या.

पायांकडे रक्त जायचीच वाट अरुंद झाली असेल तर चित्र निराळं दिसतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून दुखते, उभं राहून दोन मिनिटं थांबलं की थांबते, पाऊल गार पडतं, जखम भरत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे जास्त. सूज हे त्याचं मुख्य लक्षण नाही. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? आधी मोजायचं. सकाळी उठण्यापूर्वी वडिलांना पाच मिनिटं शांत पडून राहू द्या आणि पलंगावरच बीपी घ्या. मग त्यांना उभं करा, जवळ कुणीतरी थांबा, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. उभ्याने घेताना हात लोंबू न देता छातीच्या पातळीवर टेबलाला किंवा खांद्याला टेकवा, नाहीतर आकडा खोटा जास्त येतो. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडला, किंवा खालचा १० किंवा जास्त, तर अंधारीचं कारण सापडलं. समजा आडवं असताना १३८/८२ आणि उभ्याने ११२/७०. दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेल्या बीपीत ही घसरण दिसतच नाही. तिथे १३० येतं, सगळे समाधानी होतात, आणि माणूस मात्र रोज सकाळी भिंत धरून न्हाणीघरात जातो.

उठण्याची पद्धत बदला. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. जाग आली की पेला-दोन पेले पाणी, मग पडल्या पडल्या दोन्ही पावलं वीस-तीसदा वर-खाली, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसणं, मग उभं राहणं. पावलं हलवण्याचं कारण पोटरी. पोटरीचे स्नायू आवळले की खोल नीला दाबल्या जातात आणि नीलांतल्या झडपांमुळे रक्त फक्त वरच जाऊ शकतं. स्तब्ध उभं असताना घोट्यातला जो दाब ९० होता, तो चालताना ३० च्या आसपास उतरतो. एका जागी तासभर उभं राहून कुणाशी गप्पा मारण्यापेक्षा तेवढाच वेळ चालणं पायांना मानवतं. फुटाळा तलावावर किंवा जवळच्या बागेत, पण सकाळी सातच्या आत. मे महिन्यात संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेलाच असतो.

दुपारी जेवल्यावर तासभर पाय उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा थोडे वर ठेवून पडू द्या. पायांतलं पाणी दुपारीच परत आलं तर रात्रीच्या फेऱ्या घटतात. दुपारचं जेवण भरपेट नको. भारी जेवणानंतर आतड्यांकडे रक्त वळतं आणि ज्येष्ठांचं बीपी जेवणानंतरच्या तासा-दोन तासांत घसरतं, म्हणून पाटावरून झटकन उठायचं नाही.

पाण्याचं प्रमाण परिस्थितीवर आहे. हृदय आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर उन्हाळ्यात तहानेची वाट न बघता पीत राहावं, ताक आणि पन्हंही चालेल. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. बीपीचा माणूस म्हणून रोज ओआरएसची पाकिटं संपवायची नाहीत. ते जुलाब-उलट्या किंवा उन्हात खूप घाम गेल्यावर घ्यायचं औषध आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर पाण्याचं माप डॉक्टरच ठरवून देतील. घट्ट मोज्यांनी सूज कमी होते, पण पायाच्या रोहिण्या चांगल्या आहेत हे आधी तपासून घ्यावं लागतं, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ते मोजे दिवसभर घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मशीनबद्दल. तुमचे वडील चालू शकतात, त्यामुळे मशीन जे करेल त्यापेक्षा चांगलं काम त्यांची पोटरी फुकटात करेल. शिवाय एका पायाच्या सुजेत आत गुठळी असेल तर तिथे मसाज धोक्याचा, आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला गरम होणाऱ्या मशीनने भाजतं आणि कळत नाही. त्या पैशांत दंडावर बांधायचं चांगलं बीपी यंत्र येईल, ते घ्या. आठवडाभर सकाळी आडव्याने आणि उभ्याने, संध्याकाळी एकदा, असे आकडे लिहा. शेजारी त्या दिवशी अंधारी आली का, सूज किती होती, रात्री कितीदा उठले आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हेही लिहा. मुलीला हे काम द्या, ती आवडीने करेल. तो कागद घेऊन बीपीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा कमी करायची, गोळीच बदलायची की टॅम्सुलोसिनचाही विचार करायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल. तोवर एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.